मामा, आता काय?

पतंग झाडात अडकला आणि भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, आता काय?"

मामाने वर बघितलं. पतंग दोन फांद्यांच्या मधे असा बसला होता, जणू तिथेच राहायला आलाय. नाश्त्याच्या बशा अजून धुवायच्या होत्या आणि पिशवीतले निम्मे खेळ संपलेही होते. बॅडमिंटनचं फूल वाऱ्याने तळ्यात नेलं. साबणाच्या फुग्यांची बाटली भाचीने फ्रॉकवर ओतून घेतली. लपाछपीत भाचा इतका छान लपला की मामालाच घाम फुटला, आणि त्याने या खेळावर कायमची बंदी घातली.

"आता बेडूकउड्या," तो म्हणाला. चौथ्या उडीला त्याच्या कमरेत कळ आली. दोन्ही मुलं उभी राहून बघत होती.

"बेडूक दमला," भाची म्हणाली. "मामा, आता काय?"

मामी तंबूच्या दाराशी कांदा चिरत होती. "अरे, जरा स्वस्थ बसू दे त्यांना."

"कंटाळतील ना!"

"कंटाळू देत की थोडी."

पण मामाला ते पटेना. त्याचंही एक कारण होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात मूल नव्हतं. दत्तक घ्यायचं, हे दोघांचं ठरलं होतं. एका संस्थेत चकरा सुरू होत्या. मामीची मनाची तयारी केव्हाच झाली होती. अडलं होतं ते मामापाशी. आपल्याला मूल रमवता येईल का, याचीच त्याला खात्री नव्हती. "एक तरी झेपेल का मला?" असं तो अधूनमधून विचारायचा, कधी जेवताना, कधी दात घासताना. शेवटी त्यानेच हा तळ्याकाठचा मुक्काम ठरवला, तंबू भाड्याने आणला आणि ताईची दोन्ही मुलं मागून घेतली. ताई म्हणाली, "ने खुशाल. पण दोन दिवस म्हणजे दोन दिवस. अर्ध्यात परत घेणार नाही हं मी."

दुपारी जेवणं झाली आणि भाचीला आई आठवली. आधी तिचा ओठ पुढे आला. मग तिने भोकाड पसरलं. "मला आईकडे जायचंय!"

मामाने बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिने तो ढकलला. त्याने तोंडं वेडीवाकडी केली. ती आणखी जोरात रडली. मामा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. लिफ्ट मधेच बंद पडली की आत अडकलेल्यांशी तो बाहेरून एका खास आवाजात बोलायचा. "घाबरू नका, मी आलोय, आता दोन मिनिटांत मोकळे व्हाल." त्या आवाजाने मोठमोठी माणसं शांत व्हायची. आज त्याने तोच आवाज काढला. भाचीने क्षणभर रडं थांबवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा टिपेचा सूर लावला.

मामाने हात टेकले. पाण्याचे कॅन उचलून तो झाडांपलीकडच्या नळावर गेला. नळाला धार बारीक होती. त्याला ते बरंच वाटलं. कॅन भरेपर्यंत त्याने मनाशी सगळं पक्कं केलं. हे आपलं काम नाही. घरी गेल्यावर मामीला सरळ सांगून टाकायचं. ती रडेल, पण समजून घेईल. परतताना कॅनपेक्षा हा विचारच जास्त जड होता.

तंबू दिसू लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की रडणं ऐकू येत नाहीये.

भाची एका उपड्या बादलीवर बसली होती. हातात जेवणाचं ताट होतं आणि ती ते गर्रकन फिरवत होती. गालांवर पाण्याचे ओघळ तसेच होते. भाचा तिच्यामागे, एक हात वर करून, नसलेला दांडा धरून उभा होता.

"ओ ड्रायव्हरबाई, गाडी आईकडे जाते का?"

"जाते," भाची नाक ओढत म्हणाली. "पण आधी मुंग्यांना सोडायचंय. घाई असेल तर उतरा."

"घाई नाही. चालू द्या."

मामा कॅन घेऊन तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने मुंग्यांचा स्टॉप आला, ड्रायव्हरबाई मुंग्यांना उतरवायला खाली वाकल्या, आणि भाचा मोकळा झाला. मामाने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिला गप्प कसं केलंस रे?"

"गप्प नाही केलं. आधी नुसता बसलो तिच्याजवळ," भाचा म्हणाला. त्यात सांगण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळत नव्हतं. "आईला कामावरून यायला उशीर झाला की ती रडते. मग मी असंच करतो. आणि मी रडलो की ती करते."

"तू रडतोस?"

"कधीकधी. तिला माहितीये."

एवढं सांगून तो पळाला, कारण गाडी सुटत होती. त्या दोघांनी त्यानंतर कुणालाच "आता काय?" विचारलं नाही. मामा जवळ गेला तेव्हा ड्रायव्हरबाईंनी त्याला गाडीत घेतलं, पण जागा नाही म्हणून उभं राहायला लावलं. तो निमूटपणे उभा राहिला, थेट उन्हं कलेपर्यंत.

मामीने चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दमलास ना? हे बघ, नाही जमणार वाटत असेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही."

मामा बादलीवरच्या आणि बादलीमागच्या त्या दोन डोक्यांकडे बघत राहिला. चहा तसाच होता.

"संस्थेतल्या बाईंना फोन लाव," तो म्हणाला. "आपल्याला एकच हवं म्हणून त्या बहीणभावांना आपण नको म्हणालो होतो ना, ती दोघं अजून तिथंच आहेत का, विचार."