बैठं काम

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उभाच बरा आहे," घड्याळजींचा जावई म्हणाला.

दार नीट लागलंय ना, हे त्याने वळून पाहिलं आणि एका दमात सांगून टाकलं. घड्याळं दुरुस्त करायचं बैठं काम. शौचाच्या जागी खाज. बसलं की वाढते, घाम आला की वाढते. खाजवलं की घडीभर बरं, मग नुसती आग.

"रक्त जातं? गाठ? जंत?"

"तसं काही नसावं."

"नसावं म्हणजे? आडवे व्हा, तपासते."

"नको. तेवढं नको."

"डोळा दुखला असता तर दाखवला असता ना?"

"डोळ्याची गोष्ट वेगळी."

बाईंनी सुस्कारा सोडला. असे लाजाळू त्यांना नवे नव्हते. "बरं, स्वच्छता?"

"भरपूर. साबणाने, घासून, दिवसातून कितीदा तरी." त्याने आवाज खाली आणला. "वर स्पिरिटचा बोळा. आम्ही घड्याळाची चाकं पुसतो, ते स्पिरिट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ते काय घड्याळ आहे?"

"घड्याळजीला धूळ खपत नाही, बाई."

"मग ऐका. ही खाज बहुतेक घाणीने नाही, धुण्याने सुटलीय. साबण बंद. स्पिरिट तर पुन्हा जवळही न्यायचं नाही. नुसतं कोमट पाणी, मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. जागा ओली ठेवायची नाही. आत सैल, सुती घाला. नखं कापा. तिखट आणि कॉफी कमी. हे साधं मलम, बोटाने पातळसं लावायचं. आणि फरक पडला नाही किंवा रक्त दिसलं, तर लाज घरी ठेवून या. मूळव्याध आहे की आणखी काही, ते पाहावंच लागेल."

"पुन्हा एकदा सांगता? पाठ करतो."

बाई हसल्या. पण सांगितलं.

दुकानात दोन घड्याळजी, सासरे आणि जावई. सासऱ्यांच्या हाताला गावात तोड नव्हती. पण हल्ली काहीतरी बिनसलं होतं. दोनदा त्यांच्या चिमट्यातून केसाएवढी स्प्रिंग निसटून वाकली. गिऱ्हाईक कुजबुजू लागलं. ते चिडचिडे झाले. उजेड बरा पडतो म्हणून खिडकीशी उभ्यानेच काम करू लागले. स्पिरिटची बाटली पूर्वी महिनाभर पुरे, ती आता आठवड्यात तळ गाठी, आणि त्यावरूनही ओरडा जावयालाच.

तशात संग्रहालयाचे व्यवस्थापक एक जुनं जहाजी घड्याळ घेऊन आले. त्याची स्प्रिंग बसवायची म्हणजे अख्खी दुपार श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. "हे तुम्हीच करा. त्यांचे हात थकले आता."

सासऱ्यांनी ते ऐकलं. "खरं आहे," ते म्हणाले. "याची स्प्रिंग मला बसवता आली नाही, तर भिंग तुमच्या हवाली, जावईबापू. मी पुन्हा या टेबलाशी येणार नाही."

"आधी मला तरी बसता आलं पाहिजे," जावई पुटपुटला.

त्याच दिवशी जेवताना त्याने सगळं सांगितलं. आपली खाज, साबण, स्पिरिट, काहीही न गाळता.

"अहो, ताटावर?" बायको म्हणाली.

"घरातच लपवायचं तर सांगायचं कुणाला?"

"तरीच," मेहुणी म्हणाली, "घरजावई होऊन इतकी वर्षं झाली, तरी भावोजींचं बूड इथे टेकत नाही."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "देवा, काय ऐकवतोस."

"मूर्खपणा," सासरे मान वर न करता म्हणाले. पण ताटावरून उठले नाहीत.

"हसा," जावई म्हणाला. "मलम न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलंय, टूथपेस्टशेजारी. सुती चड्ड्यांचा गठ्ठाच आणलाय, दुकानदार एकदोन देईना. आणि आई, तिखट सगळ्यांचंच कमी करा. माझ्यासाठी वेगळं नको."

"टूथपेस्टशेजारी नको," बायको म्हणाली. "तिचेच रोज हाल करता तुम्ही."

ते खरं होतं. सासरे टूथपेस्ट खालून घडीवर घडी घालत, चावी दिल्यासारखी गुंडाळत आणत. जावई ती मधोमध दाबून मोकळा होई. यावरून त्या घरात रोज सकाळी तोंड सुटे.

काही आठवडे गेले. घरात फिकं जेवण झालं, मेहुणीचे टोमणे झाले, जावयाने सगळं हसून घेतलं. स्पिरिटच्या बाटलीचा तळ दिसेनासा झाला, ते मात्र कुणी बोललं नाही.

स्प्रिंग बसवायच्या ठरल्या दिवशी व्यवस्थापक आले. जहाजी घड्याळ उघडून ठेवलेलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे जावईच स्टुलाकडे गेला, टेकला आणि चेहरा कसनुसा करून उठला.

"नाही जमत. बाबा, तुम्हीच बसा."

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी जावयाकडे क्षणभर पाहिलं. मग भिंग डोळ्याला लावलं आणि बसले.

दुपार सरली. ते हलले नाहीत. घरातून चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या, मग चहा हळूच टेबलाच्या कडेला ठेवून त्यांनी डोळे मिटून हात जोडले. चिमटा खाली गेला, स्प्रिंग जागेवर बसली, चक्र एकदा थरथरलं. आणि कित्येक वर्षं गप्प असलेलं घड्याळ बोलू लागलं.

व्यवस्थापकांनी वाकून घड्याळाला कान लावला. सासऱ्यांनी भिंग काढून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"हात थकले म्हणणाऱ्यांना सांगा," ते म्हणाले, "आणखी काही असेल तर घेऊन या."

त्यांनी टेबलाच्या कडेचा चहा उचलला आणि बसूनच, सावकाश प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको न्हाणीघरातून मलमाची ट्यूब घेऊन बाहेर आली. ती खुशीत होती.

"शिकलात म्हणायचं एकदाचे. बघा, खालून कशी घडीवर घडी घालून गुंडाळलीय."

"ठेवली त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही," जावई म्हणाला आणि त्याने टूथपेस्ट मधोमध दाबली.