सात नंबरचे नातेवाईक

"सात नंबर गेला," असं म्हणत डॉक्टरांनी हातमोजे काढून बादलीत टाकले. छाती दाबून दाबून त्यांचे खांदे भरून आले होते.

"बाहेर मी सांगते, सर," सिस्टर म्हणाली. "नाहीतर मोठ्या सरांना बोलावते."

"मोठे सर सभागृहात आहेत. डॉक्टरांच्या मनःस्वास्थ्यावर भाषण आहे त्यांचं. आणि मी काय पहिल्यांदा सांगतोय?"

सिस्टरने मॉनिटर बंद केला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. परवापासून हा माणूस घरी गेला नव्हता. दोघंजण नोकरी सोडून गेले, त्यांची ड्यूटीही याच्याच गळ्यात पडली. घरी अडचण आहे म्हणून रजा मागितली, तर मोठे सर पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू तर आपला दगड आहेस रे." दगडाला त्यातही बरं वाटलं होतं, आता काय बोलायचं.

वाईट बातमी सांगायची डॉक्टरांची एक पद्धत होती. शिकाऊ डॉक्टरांनाही ते तीच शिकवत. आधी समोरच्याला बसवायचं. डोळ्यांत बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं. गोल गोल बोलायचं नाही, 'गेले' म्हणजे 'गेले' म्हणायचं. सोबत कोण आहे ते विचारायचं आणि निघायचं. एका रडण्यात अडकलं की पुढच्या पेशंटचे हाल.

बाहेर बाकावर एक म्हाताऱ्या बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. सात नंबर दाखल झाल्यापासून त्यांनी तो बाक सोडला नव्हता. नवऱ्याची चौकशी झाली की सिस्टरला हमखास विचारायच्या, "आणि डॉक्टर जेवले का?" दार उघडलं तशा त्या धडपडत उठल्या.

"बसा," डॉक्टर म्हणाले.

बाई बसल्या.

"हृदय बंद पडलं त्यांचं. शक्य होतं ते सगळं केलं आम्ही. ते गेले. त्रास झाला नाही त्यांना."

बाईंनी डबा घट्ट धरला. रडल्या नाहीत. नुसत्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. डॉक्टर त्यांच्या कपाळाकडे बघत होते.

"सोबत कोणी आहे का तुमच्या? मुलगा, मुलगी?"

"मुलगा आहे. एकुलता एक."

"मग त्याला बोलावून घ्या. पुढचं सगळं त्यालाच बघावं लागेल."

"किती हाका मारल्या," बाई म्हणाल्या. "सारखा कामात असतो. ऐकूच जात नाही त्याला."

"असतात अशी मुलं," डॉक्टर म्हणाले आणि जायला वळले.

बाईंनी डबा बाकावर ठेवला आणि त्यांची बाही धरली. कोटाची कॉलर आत दुमडली होती, ती सरळ केली. मग हनुवटीला धरून त्यांचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर आणला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "बाबा गेले रे तुझे."