मुक्ताबाईचा विस्तव

"ओढ्यातला धोंडा चुलीला घेऊ नगंस. तापला की फुटतो, तोंडावर चिपऱ्या उडत्यात," म्हणत मुक्ताबाईनं कस्तुराबाईची मांडलेली चूल मोडूनच टाकली.

कस्तुराबाई वरमली. बहात्तरच्या दुष्काळात मंगळवेढ्याकडच्या तलावाच्या कामावर ती नवऱ्याबरोबर कालच आली होती. जन्म सगळा होटगीच्या रेल्वे चाळीत गेलेला. उघड्यावर भाकरी थापायची वेळ तिच्यावर कधी आलीय कशाला! मुक्ताबाई मात्र या माळावर सगळ्यांच्या आधी येऊन राहिलेली.

"वाऱ्याकडं पाठ करून मांड. भगुल्याच्या बुडाला चिखल फास, काजळी धरत न्हाय. पिठाचं गठुडं टांगून ठेव, मुंग्या लई हायत हितं."

"आन् काडेपेटी संपली तर वं, अक्का?"

"इस्तू मरूच द्यायचा न्हाय. पेटलेली गवरी राखंत दाबायची. माझा बघ की, एकदाबी इझला न्हाय."

खरंच होतं ते. बाईचं पीठ संपायचं, पण जळण कधी संपायचं नाही. दिवसभर माती वाहून मेल्यागत व्हायची, तरी काटक्या-शेण गोळा करत माळ हिंडायची. पाण्याची ही मारामार, आणि त्यातलंही ओंजळभर चुलीभोवती सारवायला जायचं. बाया मागं हसायच्या. कस्तुराबाईला मात्र तिचा लळा लागला. मुक्ताबाईचा नवरा कामधंदा बघायला सोलापूरला गेलेला, त्याचा पत्ता नाही. जाळापाशी जनावर येत नाही, तेवढाच एकटीला धीर असेल, असं कस्तुराबाईला वाटायचं.

मग लांडग्यांनी धनगराची कोकरं उचलली आणि मुकादम हिंदुराव पालापालातून फिरला.

"उद्या सांजंपातूर सगळ्यांनी पालं बांधाखाली आणायची. न्हाय आला त्याचं नाव हजेरीतनं गेलं."

"मी हितंच बरी हाय," मुक्ताबाई म्हणाली.

"खुळी का काय तू? लांडगी तुला वळखत्यात व्हय?"

"नाव काढायचं तर काढा की."

कस्तुराबाईनं तिला परोपरीनं समजावलं. या दिवसांत नाव गेलं म्हणजे तोंडातला घासच गेला. पण बाई ऐकेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंगळवेढ्याहून निरोप आला. मुक्ताबाईची आई शेवटच्या घटका मोजत होती. मुक्ताबाई चुलीपाशी नुसतीच उभी राहिली. तिचा पाय निघेना. शेवटी तिनं कस्तुराबाईचे दोन्ही हात धरले.

"उद्या येतेच मी. माझा इस्तू इझू देऊ नगंस. रातचा तर मुळीच न्हाय."

"आईची आण, अक्का. न्हाय इझू देत."

दिवस कलला तशी कस्तुराबाईनं पदर खोचला. अक्काचं पाल उपटलं, बांधाखाली नेऊन ठोकलं. निखारे राखेत दाबून खापरात घेतले. ते तिन्ही धोंडे, अजून गरम होते, पोत्यात गुंडाळून डोक्यावर वाहिले आणि वाऱ्याकडं पाठ करून चूल मांडली. हिंदुरावानं पाल बघितलं, मान डोलावली. मुक्ताबाईचं नाव राहिलं. रात्रभर कस्तुराबाईनं डोळ्याला डोळा लावला नाही. काटकी काटकी घालत ती जाळ जपत बसली.

सकाळी मुक्ताबाई आली. आई गेली होती. रडून डोळे सुजले होते. तिला बघून कस्तुराबाई लगबगीनं पुढं झाली.

"अक्का, बघ की! तुझं नावबी राखलं आन् इस्तूबी राखला!"

मुक्ताबाईनं चुलीकडं पाहिलं. मग वर, माळाकडं पाहिलं. हातातलं गाठोडं तिथंच पडलं आणि ती पळत सुटली. काही न कळून कस्तुराबाईही मागं पळाली.

जुन्या जागेवर राख इकडंतिकडं उडाली होती. सारवलेली जमीन जनावरांनी नखांनी उकरलेली होती, मुरूम चहूकडं विखुरला होता. ढोपरभर खड्ड्यात मुक्ताबाई दोन्ही हातांनी चाचपत होती.

"पैका पुरला हुतास काय, अक्का?" कस्तुराबाईनं भीत भीत विचारलं. "का सोनं?"

"माझं तान्हं," मुक्ताबाई म्हणाली.