हौदातल्या सळया

"साहेब, या तारा अशा थेट जोडू नका," नलिनी म्हणाली.

अच्युत गुडघ्यांवर बसून संगणकाच्या मागचे स्क्रू पिळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. साडेदहा वाजले होते. अकराला जनरल मॅनेजर येणार होते. कारखान्याच्या वसाहतीतल्या या पंपघरात हौदातल्या पाण्याची पातळी आज पहिल्यांदा पडद्यावर दिसणार होती.

"नलिनीताई, पाच व्होल्टचं काम आहे. प्रिंटर जोडतात तिथंच तर जोडतोय."

"प्रिंटर टेबलावर असतो. पातळी मोजणाऱ्या आपल्या सळया पाण्यात सोडल्यात. त्याच पाण्यात तीन नंबरचा पंप बुडालाय."

तीन नंबरची मोटर दोनदा रिवाइंड करून आणलेली होती आणि चारशे व्होल्टवर चालायची. तिचा करंट पाण्यात उतरला, तर सळईतून तारेत आणि तारेतून संगणकाच्या पत्र्यात यायला त्याला कुणाची परवानगी लागणार नव्हती. नलिनी वीस वर्षं इथले मीटर आणि रिले दुरुस्त करत आली होती. मधे काय हवं ते तिनं महिन्यापूर्वी लिहून दिलं होतं. बोटाच्या पेराएवढे तुकडे. आत एका बाजूला बारीक दिवा, समोर तो दिवा पाहणारा डोळा. निरोप उजेडातून जातो, तारेला तार लागत नाही. जवाहर चौकातल्या दुकानदारानं ते मुंबईहून मागवले होते. अजून आले नव्हते.

"आठ दिवस थांबू या," ती म्हणाली.

"आठ दिवसांनी जीएम दिल्लीत असतील."

पंप चालवणारा गोपीनाथ दाराशी उभा होता. तो चाचरत म्हणाला, "साहेब, सकाळी तुम्ही तारा लावून पाहिल्या, तवा तीन नंबर चालू होता. मी मशीन पुसाले गेलो, तं पत्र्याले हात लावताच झिणझिण्या आल्या."

नलिनीनं पर्समधून टेस्टर काढला आणि संगणकाच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा मंद तांबडा लागला.

"एवढा कुठल्याही संगणकाला लागतो," अच्युत म्हणाला. "सॉकेटला अर्थिंग नसलं की."

"म्हणजे अर्थिंगही नाही. तीन नंबर लावून पुन्हा बघू या."

अच्युतनं त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आता वेळ नाही, ताई. तुम्ही आज जरा बाजूलाच उभ्या राहा."

जीएम आले. बरोबर सात-आठ माणसं होती. गोपीनाथनं पहिला पंप लावला, मग दुसरा. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू खाली सरकू लागली. टाळ्या झाल्या.

"तीसरा भी चलाइए," जीएम म्हणाले आणि नीट दिसावं म्हणून पुढं वाकले.

गोपीनाथनं स्टार्टरवर हात ठेवला. पण त्याचे डोळे नलिनीकडे होते. पंपघराची फरशी नेहमीसारखीच ओली होती. जीएमचा उजवा हात आधारासाठी संगणकाच्या पत्र्याकडे चालला होता. स्टार्टर खटकन दाबला गेला.

नलिनीनं भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंप घरघरत थांबले. पडदा विझला. जीएमचा तळवा पत्र्यावर टेकलेला होता.

"क्या हुआ?"

"मैंने बंद किया, सर. पहले हाथ हटाइए, फिर बताती हूँ."

त्यांनी हात काढला आणि उलटसुलट करून पाहिला. तळव्यावर काहीच नव्हतं. बाकीच्यांनीही वाकून पाहिलं. मग सगळे नलिनीकडे पाहू लागले.

त्या दुपारी अर्ध्या वसाहतीला पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नलिनीला मेमो मिळाला. कोणता अपघात टाळण्यासाठी पुरवठा बंद केला, त्याचा लेखी पुरावा द्यावा. ती संध्याकाळपर्यंत कागदापुढं बसून राहिली. झालेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो. शेवटी तिनं एवढंच लिहिलं, 'अपघात झाला नाही.' पुढच्या सोमवारी तिची बदली स्टोअरमध्ये झाली.

अच्युत एकदा तिला भेटायला आला. वाईट माणूस नव्हता तो. "तीनही पंप रोज चालतात, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "काही झालं नाही. तुम्ही उगाच घाबरलात."

"झिणझिण्या?"

"गोपीनाथ आता काही बोलत नाही."

तीन आठवड्यांनी मुंबईचं पार्सल आलं. नलिनीनंच ते रजिस्टरात चढवलं. पंपघराला चिठ्ठी पाठवली. कुणी आलं नाही. दुसरी पाठवली. 'सिस्टिम सुरळीत चालू आहे, सध्या गरज नाही,' असा शेरा मारून ती परत आली. खाली अच्युतची सही होती.

शनिवारी जेवणाच्या सुटीत ती खोका घेऊन स्वतःच पंपघराकडे निघाली. लांबूनच तिन्ही पंपांचा आवाज येत होता.

गोपीनाथ संगणकासमोर लाकडी स्टुलावर बसला होता. दोन्ही पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून. डावा हात त्यानं पाठीमागं ठेवला होता आणि उजव्या हाताच्या एका बोटानं तो कळा दाबत होता. खाली फरशीवर पाणी होतं.

नलिनी उंबऱ्यातच थांबली. तिनं खोका पुढं केला.

"तिथंच खिडकीत ठेवा, ताई," तो मान न वळवता म्हणाला. "तीन नंबर चालू असला, की मी पाय खाली टाकत नाही."