अठ्ठावीस टक्के गावठी

"बहात्तर टक्के जर्सी," मोबाइलवरचा रिपोर्ट वाचत सुशांत म्हणाला. "गावठी फक्त अठ्ठावीस."

आनंदाने एका डोळ्याने मुलाकडे पाहिलं. दुसऱ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी होती. त्यासाठीच तो आणि त्याची बायको अंबिका गावाहून मुलाच्या भोईवाड्यातल्या खोलीत आले होते. जातीच्या तपासणीला गायीच्या शेपटीचे केस मात्र त्याने महिन्यापूर्वीच स्वतःच्या हाताने उपटून पाठवले होते, तेही तिची माफी मागून.

"रिपोट चुकलो," तो म्हणाला. "आमच्या दावणीक भायरचा बीज कधी लागूक नाय. आयेच्या गायीची नात ती."

एवढ्यात गावाहून शेजाऱ्याचा, रघूचा फोन आला. सुशांतने स्पीकर लावला. गाय सकाळपासून माजावर होती, आणि गुरांचे डॉक्टर गोठ्यात उभे होते.

"काका, ठरल्याप्रमाणे जर्सीचाच बीज घालूक सांगू मां?"

ठरलं होतं खरं. अस्सल गावठी गाय, एकदा जर्सी सोसेल, वासरू दुधाला बरं निघेल, असं आनंदाचं गणित.

"बाबा, आता आणखी जर्सी नको," सुशांत म्हणाला. "वासरू उन्हात टिकणार नाही. हिलाच चैत्रात किती धाप लागते."

"ती दृष्ट लागता तिका," आनंदा म्हणाला. दर चैत्रात मीठमोहरी ओवाळून हा माणूस गायीची दृष्ट काढायचा.

खाली बसून तांदूळ निवडत असलेल्या अंबिकेने सूप बाजूला ठेवलं.

"दृष्ट नाय ती. दोनदा जर्सी घातलेली आसा," ती म्हणाली. "एकदा हिच्या आजयेक, मगे हिच्या आवशीक. तुमी तेव्हा हय शिवडीक गोदामात होतास. सुशांताची शाळा त्या दुधार चलली."

शिवडीच्या गोदामात आनंदाने वीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती: आमची गावठी गाय सात लिटर देते, कारण आईने जातच राखलीय तशी. ऐकून ऐकून हमालांचे कान किटले होते.

"काका?" रघू फोनवर ताटकळत होता. "डॉक्टर जावक निघाले."

"कोकण कपिला घालूक सांग," आनंदा म्हणाला. "आमच्याकडचीच गावठी जात."

फोन बंद झाला. सुशांतने उगीचच पाण्याचा तांब्या भरून आणला.

तांब्या हातात घेत आनंदाने विचारलं, "आयेक म्हायत होता?"

अंबिकेने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"आयेनीच डॉक्टराक बोलावल्यानी. माका म्हटल्यानी, आनंदाक सांगू नको. थंय परक्या मुलखात बिचाऱ्याक फुशारकी मारूक कायतरी ऱ्हवांदे."