वाकडी करंगळी

ठसे कोरणाऱ्या ट्रॉफिमसची बायको थालुसा वारली, त्याला नऊ दिवस झाले, तरी रोमच्या टांकसाळीत सोन्याच्या नाण्यावर तिचा हात रोज उमटत होता.

सम्राटाच्या लग्नाचं नाणं. त्यावर नवराबायकोचे गुंतलेले हात. ठसा कोरताना ट्रॉफिमसनं नवऱ्याचा हात स्वतःचा घेतला होता आणि बायकोचा थालुसाचा, तिच्या वाकड्या करंगळीसकट.

"दादा, हे बघा," हातोडा मारणाऱ्या मॉडेस्टसनं एक नाणं पुढे केलं. "बाई रुसली वाटतं नवऱ्यावर. पकड सैल झालीय." बोलला आणि त्यानं जीभ चावली.

"लोखंडाचा ठसा तो. हलेल कसा?" ट्रॉफिमस म्हणाला. पण पुढच्या नाण्यावर तिची बोटं आणखी उकलली होती. त्याच्या पुढच्यावर नुसती करंगळी अडकून राहिली होती.

जाताना तिचा हात ट्रॉफिमसच्या हातातून असाच सुटला होता, एकेका बोटानं. त्यानं वाकून ठशावर ओठ टेकले. "सोडू नकोस गं. तुझ्यावाचून मला इथं आहे काय?"

हातोडा पडला. नव्या नाण्यावर तिची बोटं घट्ट आवळली होती. ट्रॉफिमसला रडू फुटलं.

पुढच्या नाण्यावर पुरुषाचं मनगटही दिसू लागलं. त्याच्या पुढच्यावर कोपर.

"दादा, हा माणूस आत ओढला जातोय!" मॉडेस्टसनं हातोडा टाकून दिला. "दादा?"

ट्रॉफिमसचा उजवा हात खांद्यापर्यंत गार पडला होता, आणि रिकाम्या मुठीत एक वाकडी करंगळी रुतत होती.