नावघरातली दुपार

"एकविसावं प्रकरण कापायचं का, तेवढं बोल," तूरिड म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा तिने कॉफीच्या किटलीशेजारी ठेवला.

"आल्या आल्या कात्री! अगं, आधी वॅफल तरी खा," हाल्वर म्हणाला. "सिगनेसारखे जमत नाहीत मला. कडा करपतात."

तूरिडने एक तुकडा तोडून त्यावर तपकिरी चीज ठेवलं. बूट तिने दाराशीच काढले होते. पायांत सिगनेने विणलेले लोकरी मोजे होते. दर नाताळला तिच्याकडून तशीच एक जोडी यायचीच, अगदी आजारपणातसुद्धा. हाल्वरची बायको सिगने एप्रिलमध्ये गेली, आणि त्यानंतर तूरिड ओस्लोहून लोफोटेन बेटांवर आज पहिल्यांदाच येत होती.

हाल्वरच्या पाच कादंबऱ्या तिने संपादित केल्या होत्या. पहिलीचं हस्तलिखित सिगनेनेच तूरिडच्या नावाने पोस्टात टाकलं होतं. हिवाळा न संपणारा एक देश, तिथला एक नावाडी, आणि त्याच्यासाठी आकाशातून उतरणारी ध्रुवप्रकाशाची मुलगी. शाळकरी पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे वाचायचे. पाच पुस्तकांत ती दोघं फार फार तर हात धरायची. जरा जवळ आली की हाल्वर बर्फ पाडायचा आणि प्रकरण संपवायचा. प्रकाशनाच्या ऑफिसात त्यावरून भरपूर टिंगल चालायची.

आणि सहाव्यात हे! चांगली अकरा पानं. बोटी ठेवायच्या लाकडी नावघरात कंदील, जाळ्यांचा ढीग, त्यावर ती दोघं, आणि बर्फ पडायचं नाव नाही.

"मालकांचं म्हणणं, चौदा वर्षांची पोरं वाचतात. काढून टाका."

"आणि तुझं?"

तिचं? ते प्रकरण वाचताना तिने केबिनचं दार आतून लावून घेतलं होतं. ते नावघर तिच्या ओळखीचं होतं. जाळ्यांचा तो ढीग तिच्या पाठीला टोचला होता. अडतीस वर्षांपूर्वीची जानेवारीतली दुपार, तीन वाजताच मिट्ट काळोख, आणि हाल्वर. त्याचं लग्न मार्चमध्ये ठरलेलं होतं, सिगनेशी. दुसऱ्या दिवशी तूरिडने बोट पकडली आणि ओस्लो गाठलं. पुढे त्या दुपारबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही. तिने लग्नही केलं नाही.

त्याला आठवत असेल का? एवढ्या एका प्रश्नावर तिने आयुष्य काढलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. आता या अकरा पानांत सगळं जसंच्या तसं होतं. ते थंडीमुळे न काढलेले मोजे, ती ऐन वेळी आलेली शिंक, त्यावर दोघांचं ते हसत सुटणं. तो आता ‘काप’ म्हणाला, तर ती नुसतीच पानं. अडून बसला, तर तिला तिचं उत्तर मिळालं.

"माझं म्हणशील तर," ती मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणाली, "कथेला याची गरज काय? प्रेम आहे हे वाचकाला ठाऊक आहे. दार लावून घे, संपलं. शिवाय बाई उतरलीय आकाशातून आणि अंगावर काय, तर लोकरीचे मोजे! वर शिंकतेसुद्धा!"

हाल्वर खो खो हसला. "मीही तेच म्हटलं. असल्या वेळी मोजे कोण घालून ठेवतं?"

लबाड मेला, तूरिडला वाटलं. काय सोंग घेतोय.

"मग काढू?"

त्याचं हसू थांबलं. त्याने गठ्ठ्यावर हात ठेवला. "नाही. बाकीचं पुस्तक फाडलंस तरी चालेल. या पानांतला स्वल्पविरामही हलवायचा नाही. मालकांना पटत नसेल तर मी दुसरा प्रकाशक बघतो."

"एवढं काय आहे रे त्यात?"

"पाच पुस्तकं ती मुलगी नुसती येते आणि जाते. इतकी वर्षं जीव लावून बसलेल्या बाईला एक दुपार तरी मिळायला नको, तूरिड? ती दुपार नसेल तर ही सगळी जादू कशाला हवी?"

तूरिड खिडकीकडे वळली. बंदर आणि बोटी काही वेळ तिला धड दिसेनात. एवढं सुख या वयात झेपायचं कसं, हेच तिला कळेना.

"बरं बाबा, ठेवू या," ती शेवटी म्हणाली. "मालकांना मी बघते." खोडरबर घेऊन तिने समासातल्या खुणा एकेक करून पुसल्या. एका खुणेशी मात्र हात थांबला. सवय, दुसरं काय.

"ही एवढी चूक सुधार. सगळं प्रकरण नावाड्याच्या नजरेतून आहे. पण इथे बघ, फळ्यांच्या फटीतून उजेड बाहेर बर्फावर पडतो, आणि त्या फटीतून तिचा एक पाय दिसतो. लाल मोजा, पांढरा काठ. नावाडी तर आत आहे. मग हे बाहेरून कोण बघतंय?"

"राहिली असेल चूक. तिला कुठे सवय होती लिहायची?" हाल्वर तिच्या कपात कॉफी ओतत म्हणाला. "मला असलं जमत नाही, तुला माहीतच आहे. ही अकरा पानं सिगनेची. दवाखान्यात लिहिली तिने. ती दुपार, मोजे, शिंक, सगळं तिचंच. कुठून सुचलं देव जाणे. विचारलं तर नुसती हसली. म्हणाली, तूरिडला दाखव, ती काही कापायची नाही."

तूरिडने टेबलाखाली पाय मागे ओढून घेतले. तिचे मोजे लाल होते, पांढऱ्या काठाचे.